कुट्टीचं पातं : धार लावायची की नवं आणायचं?



गटातून कर्ज घेऊन गाय-म्हैस घेतली की दुसरी वस्तू घरात येते ती कडबाकुट्टी. कुणाकडे हाताने चाक फिरवायची, कुणाकडे दोन-तीन एचपी मोटारीची. यंत्र घेताना आपण दहा ठिकाणी भाव विचारतो, गटात ठराव करतो, हप्ता बांधतो. पण यंत्रातली जी वस्तू रोज झिजते, त्या पात्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

कुट्टी जड चालायला लागली की घरात दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, "चालतंय की अजून, बघू पुढच्या महिन्यात." दुसरी, "टाक ते पातं, नवं आण." पहिल्यात धोका आहे, दुसऱ्यात पैसा जातो. धार कधी लावायची, घरी कशी लावायची, आणि कधी मात्र हट्ट न धरता पातं बदलायचं, हे या धड्यात एकेक करून बघू.

बोथट पातं म्हणजे नुसती जड कुट्टी नव्हे

धारेचं पातं वैरण कापतं. बोथट पातं वैरण मुरगाळतं आणि फाडतं. ताटं वाकतात, तोंडाशी अडकतात, रोलरवर गुंडाळली जातात. मग आपण काय करतो? हाताने आत ढकलतो. कुट्टीच्या यंत्रात बोटं आणि पंजे जातात ते बहुतेक अशाच वेळी, अडकलेली वैरण हाताने सारताना किंवा ओढून काढताना. म्हणून धारेचा विषय हा पैशाच्या आधी हाताचा विषय आहे.

दुसरं नुकसान गव्हाणीत दिसतं. तुकडे लांब, टोकं झाडूसारखी फाटलेली. जनावर पाला खातं आणि धांडं बाजूला सारतं. सकाळी गव्हाण झाडताना जे उकिरड्यावर जातं, तो आपण विकत घेतलेला कडबा असतो. तिसरं नुकसान मोटारीचं : ती घुमते, तापते, पट्टा घसरतो, आणि तेवढ्याच वैरणीला वीज जास्त लागते. हाताच्या यंत्रावर हेच नुकसान आपल्या खांद्याला आणि कमरेला सोसावं लागतं.

आधी दोष शोधा, मग धार लावा

कुट्टी नीट होत नाही म्हणजे धारच गेली असं नसतं. पातं एकटं कापत नाही. कात्रीला जशी दोन पाती, तशी इथेही दोन अंगं आहेत : चाकावर फिरणारं पातं, आणि यंत्राच्या तोंडाशी घट्ट बसवलेली लोखंडी पट्टी. तिला आपण या धड्यात तोंडपट्टी म्हणू. या दोघांमध्ये अंतर पडलं की चांगल्या धारेचं पातंही नुसतं घासत जातं. सैल झालेल्या कात्रीत कापड कसं दुमडतं, तसंच.

तपासणीच्या आधी एक काम न चुकता करा. मोटारीचं यंत्र असेल तर बटण बंद करून थांबू नका. पिन बोर्डातून काढा आणि आपल्याला दिसेल अशी समोर ठेवा. चाकात लाकडाचा ठोकळा अडकवा. हाताच्या यंत्राचं चाक दोरीने बांधून ठेवा. लेकरांना लांब बसवा. आता या क्रमाने बघा :

१. बोल्ट. पात्याचे बोल्ट पान्याने तपासा. सैल असेल तर पातं मागे सरकतं.

२. अंतर. ठोकळा काढा, जुन्या वहीचा जाड कागद पातं आणि तोंडपट्टी यांच्यामध्ये लांबून धरा आणि चाक दुसऱ्या हाताने हळू फिरवा. कागद स्वच्छ कापला गेला तर अंतर बरोबर. दुमडून आत गेला तर अंतर जास्त. पातं पट्टीला घासून खरखर वाजलं तर अंतर कमी. पात्यामागच्या स्क्रूने ते सारखं करता येतं. ही तपासणी पात्याच्या दोन्ही टोकांना करा, कारण पातं तिरकं बसलेलं असू शकतं.

३. तोंडपट्टी. तिची कड काटकोनात हवी. वर्षानुवर्षं घासून ती गोल झाली असेल तर नवं पातं आणूनही कुट्टी सुधारणार नाही. काही यंत्रांत ही पट्टी उलटी करून दुसरी कड वापरता येते. तशी सोय नसेल तर पट्टी बदला.

४. पट्टा. मोटारीचा पट्टा सैल असेल तर चाकाला वेग येत नाही.

५. धार. वरचं सगळं ठीक असेल, तरच दोष धारेचा. पातं काढून उजेडात धरा आणि धारेकडे सरळ बघा. चांगली धार दिसत नाही, कारण ती इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परतत नाही. बोथट धारेवर पांढरी चकाकती रेघ दिसते, आणि जिथे खाच आहे तिथे ठिपका चमकतो. बोट फिरवून धार बघायची सवय सोडा. डोळ्याने जास्त चांगलं कळतं.

या पाच तपासण्यांना एक पाना आणि वीस मिनिटं लागतात. पुष्कळदा काम दुसऱ्या पायरीवरच संपतं, आणि ना धारेचे पैसे लागतात ना नव्या पात्याचे.

घरी धार लावायची रीत

लागेल ते : हँडल बसवलेली दहा इंची चपटी कानस, एक सपाट धार-दगड, पातं घट्ट धरायला शिकंजा (वर्कशॉपवाले त्याला वाईस म्हणतात), चामड्याचे हातमोजे, डोळ्यावर चष्मा, आणि मुलांच्या दप्तरातलं एक मार्कर पेन. शिकंजा नसेल तर जाड फळीवर पातं दोन बोल्टांनी आवळून बसवा. पण एका हातात पातं आणि दुसऱ्या हातात कानस, असं करू नका.

पात्याच्या दोन बाजू नीट ओळखा. एक बाजू पूर्ण सपाट असते. ती तोंडपट्टीला लागून जाते. दुसऱ्या बाजूला धारेपर्यंत उतार असतो. धार लावायची ती फक्त उताराच्या बाजूने. घरगुती धार बिघडते ती बहुतेक इथेच. विळ्याला जशी दोन्हीकडून धार काढतो तशी इथे काढली की सपाट बाजूलाही उतार येतो, पातं पट्टीपासून दूर राहतं आणि कितीही घासलं तरी कुट्टी होत नाही.

पायरी १. पातं धुऊन, पुसून कोरडं करा. चिकाचा थर कानशीत भरतो.

पायरी २. उतारावर मार्करची शाई फासा. आता कानस उतारावर टेकवून एकदाच हलकी फिरवा. शाई पूर्ण उतारावरून निघाली तर तुमचा कोन बरोबर. नुसती धारेजवळची निघाली तर कानस जास्त उभी आहे. नुसती मागची निघाली तर जास्त आडवी. कोन मोजायचं कुठलंच यंत्र लागत नाही, कारखान्याने दिलेला उतारच आपलं माप.

पायरी ३. कानस पुढे जाताना कापते. मागे घेताना ती उचलून घ्या. मागे घासली तर लोखंड निघत नाही, कानशीचेच दात जातात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे हात मारा. खाच दिसली म्हणून तेवढ्याच जागी घासत बसलात तर धार कमानीसारखी खोल होते.

पायरी ४. हात मोजा. एका पात्याला चाळीस हात लागले तर दुसऱ्यालाही चाळीसच. दोन्ही पात्यांचं वजन सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर चाक थरथरतं, बेअरिंग जातं आणि बोल्ट ढिले होतात. शेवटी दोन्ही पाती किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघा. फरक दिसला तर जड पात्याच्या उताराच्या मागच्या भागातून थोडं लोखंड काढा, धारेतून नाही.

पायरी ५. धार पुरी आली की सपाट बाजूला लोखंडाचा केसासारखा बारीक काटा उभा राहतो. धार-दगड सपाट बाजूवर पूर्ण आडवा ठेवून दोन-तीन वेळा फिरवा, काटा निघून जाईल. दगड जरासुद्धा उचलू नका.

पायरी ६. पातं बसवताना मूळ बोल्ट आणि वॉशरच वापरा. गंजलेला किंवा आटे गेलेला बोल्ट बदला. अंतर पुन्हा कागदाने तपासा. चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे लागत नाही याची खात्री झाली, सगळी झाकणं बसली, की मगच पिन लावा.

पहिल्या वेळेला तासभर लागेल. हात बसला की अर्ध्या तासात जोडी होते.

कानस सरकते, किस पडत नाही, तेव्हा

काही पाती इतकी कडक असतात की कानस त्यांच्यावरून नुसती सरकते. ते पातं वाईट नाही, उलट चांगलं आहे. त्याला कानस पुरत नाही एवढंच. अशा पात्याला सहाणेच्या फिरत्या चाकावर, म्हणजे ग्राइंडरवर धार लावावी लागते. तुम्ही स्वतः लावा किंवा वर्कशॉपमध्ये लावून घ्या, एक गोष्ट डोळ्यांनी बघा : पाण्याची बादली शेजारी आहे का?

पात्याचा कडकपणा कारखान्यात त्याला जे पाणी देतात त्यातून येतो. घासताना पातं तापलं की ते पाणी उतरतं. लोखंडावर निळी झाक आली तर तिथली उष्णता साधारण ३०० अंशांपर्यंत गेली असं समजा, आणि तेवढी जागा मऊ झाली. अशी धार पहिल्या दिवशी झकास कापते आणि आठवड्यात बसते. मग आपण म्हणतो, "हल्लीचं लोखंडच खराब." खरं तर दोन-चार सेकंद घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं, असं केलं की निळं पडत नाही. धारवाला घाईत असेल तर म्हणा, "दादा, पाच मिनिटं जास्त लागू द्या, पण पाण्यात बुडवत करा."

चाकाजवळ उभं राहताना पदर, ओढणी, मोकळे केस, सैल बांगड्या नकोत. कानस चालवताना हातमोजे हवेत, पण फिरत्या चाकाजवळ सैल हातमोजे घालू नका. ते चाकात ओढले जातात. डोळ्यावर चष्मा मात्र दोन्ही कामांत हवाच.

आणि लोहाराचं काय? विळा, कोयता, खुरपं पाजवायला लोहारदादांचा हात लागतोच. भट्टीत तापवून, ठोकून, पाणी देऊन ते धार नवी करतात. पण कारखान्याचं कुट्टीचं पातं भट्टीत घालायला देऊ नका. तापलं की त्याचं मूळचं पाणी जातं आणि सपाट बाजू वाकडी होते. विळ्याला थोडा बाक चालतो. कुट्टीच्या पात्याला कागदाइतकाही चालत नाही.

हिशेब : एका दिवसाच्या धारेला किती पडतात?

आता वही काढा. खालचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या बाजाराचे भाव घालून तो पुन्हा करा.

समजा पात्यांची नवी जोडी ६०० रुपये. धारेची मजुरी जोडीला ६० रुपये. एक धार २० दिवस टिकते. एका जोडीला दहा वेळा धार लागते, म्हणजे पहिली कारखान्याची धार धरून ११ धारा, २२० दिवस. तालुक्याला मुद्दाम जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेला अर्धा रोज मिळून २०० रुपये.

पहिली वाट, बोथट झालं की नवं. ६०० अधिक खेपेचे २००, म्हणजे ८०० रुपये २० दिवसांना. रोजचे ४० रुपये.

दुसरी वाट, दरवेळी मुद्दाम जाऊन धार. जोडी आणायला ८००, पुढे दहा वेळा २६०, म्हणजे २६००. एकूण ३४०० रुपये २२० दिवसांना. रोजचे साधारण साडेपंधरा रुपये.

तिसरी वाट, दोन जोड्या ठेवायच्या. एक यंत्रावर, एक राखीव. बोथट जोडी आठवडे बाजाराला जाताना पिशवीत घालून न्यायची. मुद्दाम खेप नाही. ६०० अधिक दहा वेळा ६०, म्हणजे १२०० रुपये २२० दिवसांना. रोजचे साधारण साडेपाच रुपये. दुसऱ्या जोडीचे ६०० आधी घालावे लागतात खरे, पण ते वाया जात नाहीत. त्या जोडीचे २२० दिवस पुढे आपल्यालाच मिळतात.

चौथी वाट, घरी धार. जोडी ६००, कानस आणि दगड ४००. शिवाय दहा वेळा अर्धा-अर्धा तास म्हणजे पाच तास आपले. आपल्या वेळेला शून्य किंमत लावू नका. तासाला ५० धरले तर २५०. एकूण १२५० रुपये. रोजचे साधारण पावणेसहा रुपये. कानस पुढच्या जोडीलाही चालेल, तेव्हा खर्च आणखी उतरेल.

यातून काय दिसलं? पहिल्या वाटेपेक्षा बाकी तिन्ही वाटा स्वस्त आहेत. दुसऱ्या वाटेत पैसे खातं ते धार लावणं नाही, खेप खाते. आणि तिसऱ्या-चौथ्या वाटेत फारसा फरक नाही. तेव्हा घरी धार लावायला शिकायचं ते रुपया-दोन रुपये वाचवण्यासाठी नव्हे. ज्या दिवशी धार गेली त्याच दिवशी ती लावता यावी, "पुढच्या बाजारापर्यंत चालवू" असं म्हणत बोथट पात्यात हात घालावा लागू नये, यासाठी शिकायचं. जिला हात बसवायला वेळ नाही तिने राखीव जोडी घ्यावी. दोन्ही मार्ग चांगले आहेत.

हट्ट सोडून पातं कधी बदलायचं?

काटकसर म्हणजे वस्तू शेवटच्या कणापर्यंत ओढणं नव्हे. यातलं एक जरी दिसलं तरी पातं बदला :

• केसासारखी बारीक चीर. बोल्टच्या भोकापाशी मुद्दाम बघा. चिरलेलं पातं फिरत्या चाकावरून तुटून उडतं.
• धारेत गव्हाच्या दाण्याएवढी किंवा मोठी खाच. ती घालवायला इतकं लोखंड काढावं लागतं की पुढच्या कितीतरी धारा त्यातच जातात.
• पातं झिजून अरुंद झालं, पुढे सरकवायची जागा संपली आणि ते तोंडपट्टीपर्यंत पोहोचत नाही.
• पातं वाकलं आहे.
• निळी पडलेली जागा घासून काढली तरी धार टिकत नाही.
• धार नीट लावूनही ती पूर्वीच्या निम्मे दिवससुद्धा टिकत नाही.

शेवटची खूण वहीशिवाय कळत नाही. वरच्याच उदाहरणात धार २० दिवसांवरून १० दिवसांवर आली असं समजा. ६० रुपयांची धार दहा दिवस, म्हणजे रोजचे सहा रुपये झाले. नव्या जोडीचा सरासरी खर्च साडेपाच होता. आता जुनं पातं नव्यापेक्षा महाग पडायला लागलं. इथे बदला. तुलना करताना मोसम मात्र सारखा धरा. वाळलेला कडबा पातं लवकर बोथट करतो, हिरवी मका किंवा गवत उशिरा. उन्हाळ्यातले दिवस पावसाळ्यातल्या दिवसांशी मोजले तर चांगलं पातं उगाच बाद होईल.

मोडलेलं पातं वेल्डिंगने जोडून वापरू नका. एकच पातंही बदलू नका. जोडी बदला, म्हणजे वजन सारखं राहतं. नवी जोडी घ्यायला जाताना जुनं पातं बरोबर न्या, भोकांचं अंतर आणि लांबी जुळवून घ्या, दुकानातच दोन्ही पाती काट्यावर ठेवा. जमलं तर कोपऱ्यावर कानस हलकी फिरवून बघा : लोण्यासारखा किस पडला तर त्या पात्याला पाणी दिलेलं नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पक्कं बिल घ्या.

धार टिकवणं सगळ्यात स्वस्त

धार घालवणारी पहिली वस्तू माती. मुळासकट उपटलेलं गवत, चिखलातून ओढलेले उसाचे वाढे, जमिनीवर रचलेला कडबा, यांच्यातली वाळू पात्याला सहाणेसारखी घासते, पण चुकीच्या बाजूने. बुडखे झटकून घ्या, मुळं विळ्याने आधीच तोडा. पेंढीची तार, खिळा, खडा बघून काढा. कडबा थोडा ओला करून तासभर ठेवला तर ताटं मऊ पडतात आणि धूळही उडत नाही. पण लागेल तेवढाच भिजवा, नाहीतर बुरशी येते.

काम झालं की, पिन काढून, पात्यावरचा चीक कोरड्या फडक्याने पुसा आणि खाण्याच्या तेलाचं बोट-दोन बोट फडक्याला लावून फिरवा. गाडीचं जळकं ऑइल नको. ते उद्याच्या वैरणीत जातं. कुट्टी फार बारीकही करू नका. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पुरतात. त्याहून बारीक केली तर पातं जास्त वेळा चालतं, वीज जास्त लागते आणि जनावराचं रवंथ कमी होतं.

सगळ्या धारांना एकच नियम नाही

विळा, कोयता, खुरपं : पाजवून वर्षानुवर्षं वापरा. दातेरी विळा, म्हणजे भातकापणीचा वैभव विळा : त्याचे दात साध्या दगडावर नवे करता येत नाहीत, घासलात तर दातच जातात, झिजला की बदला. शिवणाची कात्री : धार लावून घ्या, पण तिने कागद कापू नका. पिठाच्या गिरणीचा दगड : टाकी लावून वापरा. मसाल्याच्या पल्व्हरायझरमधले हातोडे : ते कापत नाहीत, आपटून फोडतात, म्हणून त्यांना धार लावायचीच नसते, एक कड गोल झाली की ज्या यंत्रात सोय आहे तिथे उलटे करून दुसरी कड वापरा, तीही गेली की पूर्ण संच बदला.

अपघात झालाच तर

प्रथम पिन काढा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. हळद, कॉफी, चुना, माती काही भरू नका. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. १०८ ला फोन करा आणि तुटलेला भाग रुग्णाबरोबरच न्या.

गटात काय करता येईल?

प्रत्येकीने वेगळी कानस आणि शिकंजा घ्यायची गरज नाही. गटाने किंवा ग्रामसंघाने एक संच घेतला आणि दोघींनी हात बसवला तर गावाचं काम भागतं. समजा गावात २० कुट्टी यंत्रं आहेत, प्रत्येकीला महिन्यातून एकदा धार लागते आणि मजुरी ५० रुपये ठरली, तर महिन्याला १००० रुपये होतात. हा संसार चालवणारा धंदा नाही, पण एखाद्या मैत्रिणीला गावातच मिळणारं जोडकाम नक्की आहे. शिवाय गावातली वीस घरं बोथट पात्यातून सुटतील.

वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा : तारीख, काय केलं (धार, अंतर की नवी जोडी), खर्च, मागची धार किती दिवस टिकली, वैरण कोणती. बचतीची नोंद जशी दर बैठकीला होते तशी ही प्रत्येक धारेला करा. चार-पाच नोंदी झाल्या की "धार लावू की नवं आणू" हे कुणाला विचारायची वेळ येणार नाही.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात कुट्टी यंत्रं किती? पाती शेवटची कधी तपासली?
२. मागच्या वर्षी पात्यांवर, धारेवर आणि त्यासाठीच्या खेपांवर प्रत्येकीचे किती पैसे गेले?
३. अडकलेली वैरण आपल्या घरी कोण काढतं, आणि तेव्हा पिन काढलेली असते का?
४. धार लावायचा संच गटाने घ्यावा का? शिकायला कोण तयार आहे?

पुढच्या बैठकीला येताना ज्यांना जमेल त्यांनी एक जुनं पातं जाड गोणपाटात गुंडाळून आणा. सगळ्याजणी मिळून ते उजेडात धरून बघा, आणि धार लावण्याजोगं कोणतं, बदलण्याजोगं कोणतं, ते तिथेच ठरवा.